अध्यक्ष जॉन्सन यांचा जमाखर्च

सत्तेवरून पायउतार होणाऱ्या पुरुषाची योग्यता ठरविण्यास त्याच्या निरोपाच्या दिवसाइतका गैरसोयीचा दिवस दुसरा नसेल; आणि नेमक्या त्याच दिवशीं ती ठरवून टाकण्याची घाई साऱ्या जगास होते. ता. २० जानेवारी १९६९ रोजीं अमेरिकेचे छत्तिसावे अध्यक्ष लिंडन बेन्स जॉन्सन यांनीं आपला अधिकार रिचर्ड निक्सन यांच्या स्वाधीन केला आणि त्याच दिवशीं ते टेक्सासमधील आपल्या रँचकडे परतले. पांच वर्षें आणि दोन महिने ते अध्यक्ष होते. जातांना त्यांच्या नांवापुढें लोकांनीं एकच शब्द लिहून ठेविला होता, तो म्हणजे व्हिएतनाम. आणि त्या एका शब्दानें बाकीची सारी पाटी पुसली गेली होती.

पुढें इतिहासकारांनीं हा निवाडा पुनः तपासावयास घेतला. अमेरिकेंत सी-स्पॅन नांवाची एक दूरचित्रवाणी संस्था आहे. ती इ. स. २००० पासून अधूनमधून इतिहासकारांकडून सर्व अध्यक्षांस गुण देवविते. परीक्षेस विषय दहा. १९६९ सालीं तोंड लपवून गेलेले जॉन्सन २०२१ सालच्या निकालांत अकराव्या क्रमांकानें उत्तीर्ण झाले. सर्वांस समान न्याय देण्याच्या विषयांत ते लिंकन यांच्या खालोखाल आहेत. परराष्ट्रसंबंधांच्या विषयांत मात्र अगदीं तळाजवळ. दोहोंची बेरीज करून सरासरी काढली कीं अकरावा क्रमांक येतो. आम्हांस ही रीति मुळींच पटत नाहीं. एका विषयांत कमी पडलेले गुण दुसऱ्या विषयांतून भरून काढण्याची सोय विद्यापीठाच्या परीक्षेंत शोभते. व्हिएतनामच्या भातशेतांत पडलेल्या तरुणाचा प्राण मिसिसिपींतील नव्या मतदाराच्या खात्यांतून वळता करून घेतां येत नाहीं. तो मतदारही अशा व्यवहारास संमति देणार नाहीं.

हा परक्या देशाचा, अर्ध्या शतकाहून जुना तंटा आम्ही येथें कां उकरून काढीत आहों, असें कोणी विचारील. त्यास उत्तर असें कीं, हा तंटा वाटतो तितका परका नाहीं. ज्यांनीं १९६६ सालीं हातांत पिशवी घेऊन रेशनच्या दुकानापुढें रांग धरली, त्यांनीं जॉन्सन यांच्या मंजुरीनें आलेला गहू खाल्ला आहे. ज्यांचा मुलगा किंवा भाची न्यू जर्सींत घर करून राहिली आहे, त्यांच्या घरीं जॉन्सन यांच्या सहीच्या एका कायद्याचें फळ आहे. आणि ज्यांनीं त्या वर्षांत जळत्या खेड्यांचीं छायाचित्रें पाहून वर्तमानपत्र संतापानें बाजूस टाकलें, तींही आपल्यांतलींच माणसें. बहुधा हीं तिन्ही माणसें एकाच घरांत, एकाच पंगतीस बसलेलीं असत. तेव्हां जॉन्सन यांचा निवाडा करणें हें आपल्याही घरच्या हिशेबाचें काम आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत सांगावयाचें तर असें : युद्ध, अर्थकारण आणि नेतृत्व हीं जॉन्सन यांचीं तीन निरनिराळीं खातीं नाहींतच. एकाच हातानें, एकाच वळणानें तीं लिहिलीं गेलीं आहेत. ज्या गुणानें त्यांनीं आपल्या देशांतील एक शतकाचा अन्याय मोडला, त्याच गुणानें त्यांनीं आपला देश एका न संपणाऱ्या युद्धांत ढकलला. हें कसें घडलें तें पाहण्यासाठीं प्रथम त्या गुणाची ओळख करून घेतली पाहिजे.

जॉन्सन यांचा जन्म १९०८ सालीं टेक्सासच्या कोरडवाहू डोंगराळ मुलखांत झाला. वडील प्रांतिक कायदेमंडळाचे सभासद होते, पण पुढें कापसाच्या व्यवहारांत बुडाले. शिक्षण पुरें होण्याआधीं, १९२८ सालीं, लिंडन यांनीं कोटुला या गांवीं मेक्सिकन मजुरांच्या मुलांच्या शाळेंत मास्तरकी केली. पुढें ते वॉशिंग्टनला गेले ते तेथलेच झाले. १९४९ सालीं सेनेटांत प्रवेश आणि १९५५ पासून तेथील बहुमतवाल्या पक्षाचें पुढारीपण, अशी त्यांची चढण होती. शंभर सभासदांच्या त्या सभेंत कोणास काय हवें आहे, कोण कशास भितो, कोणाच्या मतदारसंघांत धरण अडलें आहे व कोणाच्या जांवयास नोकरी पाहिजे, हें सारें त्यांस मुखोद्गत असे. ज्याचें मत हवें त्याला ते एका कोपऱ्यांत गांठीत, त्याच्या अंगावर झुकत, कोट धरीत, विनवीत, धमकावीत, हंसवीत; आणि मत घेतल्याखेरीज त्याला सोडीत नसत. या प्रकारास वॉशिंग्टनमध्यें ‘जॉन्सन-उपचार’ असें नांवच पडलें होतें. या उपचाराचीं दोन सूत्रें होतीं. पहिलें असें कीं, प्रत्येक मनुष्य कांहीं तरी घेऊन कांहीं तरी देण्यास तयार असतो. दुसरें असें कीं, सौदा पक्का होईपर्यंत आपली मूठ उघडूं नये. झांकली मूठ सव्वा लाखाची, ही आपली म्हण त्यांस ठाऊक असण्याचें कारण नाहीं. पण तिचा इतका कसून अभ्यास केलेला दुसरा राजकारणी पुरुष आमच्या पाहण्यांत नाहीं.

ता. २२ नोव्हेंबर १९६३ रोजीं डॅलस येथें केनेडी यांचा खून झाला आणि उपाध्यक्ष जॉन्सन यांनीं विमानांतच अध्यक्षपदाची शपथ घेतली. केनेडी यांचें नागरी हक्कांचें विधेयक त्या वेळीं काँग्रेसमध्यें, म्हणजे अमेरिकेच्या विधिमंडळांत, अडकून पडलें होतें. दक्षिणेकडील सेनेटरांचा हातखंडा उपाय म्हणजे भाषणें लांबवून सभा चालूंच न देणें. त्या उपायापुढें अशीं अनेक विधेयकें पूर्वीं मेलीं होतीं. या अडवणुकीचे सेनापति होते जॉर्जियाचे सेनेटर रिचर्ड रसेल. हे जॉन्सन यांचे गुरु. सेनेटांतील त्यांची सारी चढण रसेल यांच्या आशीर्वादानें झालेली. शिष्यानें गुरूस आधींच स्पष्ट केलें कीं या वेळीं तडजोड नाहीं. मग त्यांनीं विरुद्ध पक्षाचे पुढारी डर्कसन यांस जिंकून घेतलें आणि ता. १० जून १९६४ रोजीं सेनेटनें ७१ विरुद्ध २९ मतांनीं ती अडवणूक बंद पाडली. ता. २ जुलै रोजीं कायद्यावर सही झाली. उपाहारगृहें, वसतिगृहें, नोकऱ्या यांतून वर्णभेद कायद्यानें उठला.

दुसऱ्या वर्षीं मार्च महिन्यांत अलाबामांतील सेल्मा येथें मतदानाचा हक्क मागणाऱ्या कृष्णवर्णीय लोकांच्या मोर्च्यावर पुलापाशीं पोलिसांनीं लाठ्या चालविल्या. आठवड्याभरांत जॉन्सन काँग्रेसच्या दोन्ही सभांपुढें उभे राहिले. त्या भाषणांत त्यांनीं कोटुला येथील आपल्या विद्यार्थ्यांची आठवण सांगितली : तीं उपाशीं शाळेंत येणारीं मुलें, आणि आपला लोक तिरस्कार कां करतात हें न उमगून त्यांच्या डोळ्यांत दिसणारा प्रश्न. आपल्या हातीं कधीं अशी सत्ता येईल असें तेव्हां वाटलें नव्हतें, आतां ती आली आहे आणि ती वापरण्याचा आपला निश्चय आहे, असें ते म्हणाले. ऑगस्ट १९६५ मध्यें मतदानाचा कायदा झाला. मिसिसिपींत मतदार म्हणून नोंदलेल्या कृष्णवर्णीयांचें प्रमाण कायद्यापूर्वीं शेंकडा सात देखील नव्हतें; दोन वर्षांत तें साठाच्या घरांत गेलें. पुतळ्यांनीं आणि भाषणांनीं न होणारी गोष्ट कधीं कधीं एका नोंदवहीनें होते, ती अशी.

येथपर्यंतचा पुरुष पाहिला तर त्यास थोर म्हणण्यास आम्ही क्षणभरही कचरणार नाहीं. परंतु याच सुमाराचें एक टेलिफोनवरील संभाषण उपलब्ध आहे. जॉन्सन आपलीं संभाषणें गुपचूप ध्वनिमुद्रित करून ठेवीत. ता. २७ मे १९६४ रोजीं, म्हणजे रसेल नागरी हक्कांचें विधेयक अडवून बसले असतांनाच, जॉन्सन यांनीं त्याच रसेल यांस व्हिएतनामविषयीं सल्ला विचारला. तें प्रकरण दोघांनाही चिखलासारखें दिसत होतें. त्या दिवशीं आपले सल्लागार बंडी यांच्यापाशींही जॉन्सन मोकळेपणानें बोलले : ही लढाई लढण्याच्या योग्यतेची वाटत नाहीं, पण बाहेरही पडतां येईल असें दिसत नाहीं. आपल्या सेवेंतील एका सार्जंटास सहा मुलें आहेत. या माणसाला आपण तेथें कशासाठीं धाडावयाचें, असा प्रश्न त्यांनीं स्वतःच केला. उत्तर त्यांना मिळालें नाहीं. मिळालें नाहीं हें कोणास सांगितलेंही नाहीं.

अडीच महिन्यांच्या आंत, ऑगस्ट १९६४ मध्यें, टोंकिनच्या आखातांत अमेरिकन जहाजांवर हल्ला झाल्याची वार्ता आली. पहिला हल्ला खरा होता; दोन दिवसांनीं झाला असें सांगण्यांत आलेला दुसरा हल्ला झालाच नव्हता, असें पुढें निष्पन्न झालें. काँग्रेसनें मात्र अध्यक्षांस हवे ते उपाय करण्याची मोकळीक दिली : प्रतिनिधिसभेंत एकही विरुद्ध मत नाहीं, सेनेटांत अवघीं दोन. नोव्हेंबरांत निवडणूक झाली. आशियांतील तरुणांनीं लढावयाची लढाई अमेरिकेच्या तरुणांवर लादणार नाहीं, असें जॉन्सन प्रचारांत सांगत होते. शेंकडा एकसष्ट मतांनीं ते निवडून आले. दुसऱ्या वर्षाच्या मार्चांत उत्तर व्हिएतनामवर नियमित बाँबफेक सुरू झाली आणि दानांगच्या किनाऱ्यावर अमेरिकेचें पायदळ उतरलें.

आतां आपण १९६५ च्या जुलैच्या शेवटच्या आठवड्याकडे येऊं. आमच्या मतें जॉन्सन यांच्या साऱ्या कारकीर्दीची किल्ली या आठवड्यांत आहे. दक्षिण व्हिएतनामचें सरकार ढासळत होतें. संरक्षणमंत्री मॅक्नामारा यांचा सल्ला असा कीं मोठें सैन्य धाडावें, राखीव फौज बोलवावी आणि कर वाढवावा. म्हणजे देश युद्धावर निघाला आहे हें देशाला कळूं द्यावें. उपपरराष्ट्रमंत्री जॉर्ज बॉल यांचा सल्ला अगदीं उलट : हें युद्ध जिंकतां येणार नाहीं, तोटा सोसून आतांच बाहेर पडावें. दोन्ही सल्ले प्रामाणिक होते व दोहोंची किंमत उघड होती. जॉन्सन यांनीं तिसरी वाट धरली. सैन्य धाडावयाचें, पण राखीव फौज बोलवावयाची नाहीं, कर मागावयाचा नाहीं आणि गाजावाजा करावयाचा नाहीं. ता. २८ जुलै रोजीं, बुधवारीं, भर दुपारीं पत्रकारांच्या बैठकींत त्यांनीं सांगितलें कीं व्हिएतनामांतील फौज ७५ हजारांवरून सव्वा लाखावर जाईल. आंतल्या बैठकींत याहून कितीतरी मोठा आंकडा मंजूर झाला होता. वर्षअखेर तेथें एक लाख चौऱ्यायशीं हजार सैनिक होते. त्याच बैठकींत त्यांनीं सर्वोच्च न्यायालयावर एका नव्या न्यायाधीशाची नेमणूकही जाहीर केली. म्हणजे युद्धाची घोषणा ही त्या दुपारच्या अनेक बातम्यांपैकीं एक!

आणि दोनच दिवसांनीं, ता. ३० जुलै रोजीं, ते मिसूरींतील इंडिपेंडन्स या गांवीं गेले आणि माजी अध्यक्ष ट्रूमन यांस शेजारीं बसवून वृद्धांच्या औषधोपचाराच्या कायद्यावर, ‘मेडिकेअर’वर, त्यांनीं सही केली. वृद्धांना आजारांत सरकारनें आधार द्यावा ही गोष्ट ट्रूमन यांनीं वीस वर्षांपूर्वीं मागितली होती व त्यांना ती मिळाली नव्हती. पहिलें कार्ड ट्रूमन यांनाच देण्यांत आलें. पुढच्या आठवड्यांत मतदानाचा कायदा झाला.

या दोन तारखांमधील नातें योगायोगाचें नाहीं. युद्धासाठीं कर मागितला तर काँग्रेसमधील कंजूष मंडळी म्हणतील, ‘युद्ध आहे ना, मग हे वृद्धांचे व गरिबांचे लाड आतां राहूं द्या.’ ही भीति जॉन्सन यांस खरोखर होती, आणि सेनेट ओळखण्यांत त्यांची चूक कधीं होत नसे. म्हणून त्यांनीं एका हातानें मेडिकेअर धरलें व दुसरा हात पाठीमागें नेला. त्यांचे चाहते म्हणतात, केवढी ही करुणा! आम्हांसही ती करुणा दिसते. परंतु ज्या राष्ट्रांतील प्रत्येक घरांतून तरुण मुलगा मागितला जाणार होता, त्या राष्ट्रास त्याच्या युद्धाचा आंकडा सांगितला नाहीं, ही गोष्ट कोणत्याही करुणेनें झांकली जात नाहीं. सेनेटांत मत मिळवितांना मूठ झांकणें ही चतुराई; लोकसत्तेंत लोकांपासून मूठ झांकणें ही निराळीच गोष्ट आहे, आणि जॉन्सन यांस हा भेद अखेरपर्यंत उमगला नाहीं असें आम्हांस वाटतें.

अर्थकारणाचा न्याय येथेंच होतो. वरवर पाहतां हें खातें दृष्ट लागण्यासारखें आहे. १९६४ च्या फेब्रुवारींत त्यांनीं मोठी करकपात केली, व्यापार वाढला. ते अध्यक्ष झाले तेव्हां बेकारी शेंकडा ५.७ होती, ते गेले तेव्हां ३.४. दारिद्र्यांत राहणाऱ्यांचें प्रमाण १९६४ सालीं शेंकडा १९ होतें, तें १९६८ सालीं १३ च्या खालीं आलें. पण झांकलेला खर्च कोठें तरी वर येतोच. १९६६ च्या जानेवारींत मांडलेल्या अंदाजपत्रकांत, युद्ध ता. ३० जून १९६७ रोजीं संपेल, असें हिशेबासाठीं गृहीत धरलें होतें! शत्रूस ही तारीख कोणी कळविली नव्हती. सुमारें १० अब्ज डॉलरांचा अंदाज, आणि प्रत्यक्ष खर्च त्याच्या दुपटीजवळ. जो कर सरकारनें मागितला नाहीं, तो महागाईनें वसूल केला. १९६४ सालीं भाववाढ शेंकडा सव्वा-दीडच्या आंत होती. १९६८ सालीं ती चारांच्या वर गेली. त्यांच्या रिझर्व्ह बँकेचे प्रमुख मार्टिन यांनीं १९६५ च्या डिसेंबरांत व्याजाचा दर चढवून धोक्याची घंटा वाजविली, तर जॉन्सन यांनीं त्यांस रँचवर बोलावून फैलावर घेतलें. महागाई काय, सेनेटर थोडीच आहे कीं कोट धरल्यावर ऐकेल!

करवाढ त्यांनीं मागितली ती १९६७ सालीं आणि तिच्यावर सही झाली १९६८ च्या जून अखेरीस. मधल्या काळांत तूट २५ अब्ज डॉलरांवर गेली, आणि डॉलरवरील विश्वास डळमळून मार्च १९६८ मध्यें लंडनचा सोन्याचा बाजार कांहीं दिवस बंद ठेवावा लागला. त्या कराच्या बळावर शेवटच्या अंदाजपत्रकांत थोडी शिल्लक पडली खरी, आणि निरोपाच्या दिवशीं आंकडे पुनः गोजिरवाणे दिसूं लागले. त्यानंतर १९९८ पर्यंत अमेरिकेस शिल्लक दिसली नाहीं, हेंही खरें. परंतु चढलेले भाव खालीं आले नाहींत. पुढल्या दशकाची महागाई या काळांतच रुजली.

युद्धभूमीवर काय झालें तें विस्तारानें सांगण्याची गरज नाहीं. फौज वाढत गेली : १९६६ च्या अखेरीस पावणेचार लाखांवर, पुढच्या वर्षीं पावणेपांच लाखांच्या वर, आणि १९६८ सालीं सव्वापांच लाखांपलीकडे. मात्र नेतृत्वाच्या दृष्टीनें एक लहानशी गोष्ट फार बोलकी आहे. ता. ७ एप्रिल १९६५ रोजीं बाल्टिमोर येथील भाषणांत जॉन्सन यांनीं सुचविलें कीं शांतता झाली तर आग्नेय आशियाच्या उत्कर्षासाठीं, मेकाँग नदीवर धरणें बांधण्यासाठीं, आपण एक अब्ज डॉलर मागूं. आणि त्यांत उत्तर व्हिएतनामचाही वाटा असूं शकेल. हें वाचतांना मनांत हंसूं येतें आणि वाईटही वाटतें. ज्यांच्या स्वतःच्या मुलखांत त्यांच्या खटपटीनें धरणें झालीं व झोंपड्यांतून वीज आली, त्या माणसाचें हें मनापासूनचें देणें होतें. पण हो चि मिन्ह म्हणजे धरण अडलेला सेनेटर नव्हे. आधीं फ्रेंचांशीं व मग अमेरिकेशीं देशाच्या स्वातंत्र्यासाठीं लढतों आहों असें जो समजतो, त्याची किंमत काढण्याचा प्रयत्नच त्याला अपमान वाटतो. प्रत्येकाला कांहीं तरी हवें असतें, हें पहिलें सूत्र येथें मोडलें. तें मोडलें असें जॉन्सन यांस पटलें नाहीं. त्यांनीं बाँबचें प्रमाण तेवढें वाढविलें.

दुसरें सूत्र १९६८ सालीं मोडलें. १९६७ च्या नोव्हेंबरांत सेनापति वेस्टमोरलंड यांस मायदेशीं आणवून युद्धाचा शेवट दृष्टिपथांत आल्याचें लोकांस सांगण्यांत आलें. जानेवारीच्या अखेरीस व्हिएतनामी नववर्षाच्या सणांत, टेटच्या दिवसांत, सबंध दक्षिणेंत एकदम हल्ले झाले. सायगांव येथील अमेरिकन वकिलातीच्या आवारांतसुद्धां शत्रु शिरला. लष्करी दृष्टीनें हे हल्ले परतविले गेले. पण ज्यांनीं दोन महिन्यांपूर्वीं शेवट जवळ आल्याचें ऐकलें होतें, त्यांच्या पुढें मूठ उघडली, आणि तींत कांहीं नव्हतें. ता. ३१ मार्च रोजीं रात्रीं दूरचित्रवाणीवर बाँबफेक आवरती घेण्याचें सांगून, भाषणाच्या शेवटीं जॉन्सन यांनीं आपण पुनः उभे राहणार नसल्याचें जाहीर केलें. चारच दिवसांनीं मेंफिस येथें मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला. ज्या किंग यांच्यासमवेत त्यांनीं मतदानाचा कायदा घडविला, ते किंग वर्षभर आधींच या युद्धाविरुद्ध उघड बोलूं लागले होते, व त्या दोघांतील बोलणें संपलें होतें.

आतां आपल्या घरच्या रकमांकडे वळूं. १९६५ व १९६६ हीं दोन्ही वर्षें भारतांत अवर्षणाचीं गेलीं. १९६६ सालीं आलेलें परदेशी धान्य एक कोटी टनांच्या घरांत होतें व त्यांतील मोठा भाग अमेरिकेचा, पी. एल. ४८० च्या कराराखालचा. त्या वेळीं आम्ही शाळकरी वयाचे होतों. त्या लाल गव्हाच्या पोळीला घरांतील वडील मंडळींनीं ठेवलेलीं नांवें अद्यापि आठवतात. पोळी चामट, पण पोट भरे. त्या वेळीं आम्हांस ठाऊक नव्हतें तें असें कीं, ते गव्हाचे बोटीमागून बोट येणारे हप्ते जॉन्सन स्वतः, महिन्याच्या हिशेबानें, हात आंखडून सोडीत होते. भारतानें आपल्या शेतीकडे लक्ष द्यावें, हा त्यांचा एक हेतु. तो वाजवी होता, आणि आमचे अन्नमंत्री सुब्रह्मण्यम् यांनीं १९६५ च्या नोव्हेंबरांत रोम येथें अमेरिकेच्या शेतीमंत्र्यांशीं तशी बोलणीही केली होती. मेक्सिकोहून अठरा हजार टन बियाणें आणून आपण गव्हाची नवी शेती उभी केली, ती मात्र आपल्या शास्त्रज्ञांची व शेतकऱ्यांची कमाई आहे. तिचें श्रेय जॉन्सन यांच्या आंखडत्या हातास देण्याची कांहीं लेखकांची हौस आम्हांस मान्य नाहीं. दुसरें कारण असें कीं, भारत व्हिएतनामवरील बाँबफेक थांबवा म्हणत होता, आणि तें त्यांस झोंबत होतें. दुष्काळांतील माणसाच्या ताटावर हात ठेवून त्याचें मत बदलूं पाहणें, हा तोच जुना ‘उपचार’. धान्य दिलें हें खरें. लाखों जीव त्यानें तगले हेंही खरें. तें उपकार मानूनच आम्ही म्हणतों कीं देण्याची रीति उपकाराची नव्हती.

उलट जो उपकार त्यांनीं आपणांवर केला, तो करतांना त्यांचें आपणांकडे लक्षही नव्हतें. १९४६ च्या कायद्यानें अमेरिकेंत कायम राहावयास वर्षाकाठीं शंभर भारतीयांसच प्रवेश मिळे. ता. ३ ऑक्टोबर १९६५ रोजीं न्यूयॉर्कच्या बंदरांत स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशीं जॉन्सन यांनीं जन्मदेशावरून माणसाची निवड करणारी ती जुनी पद्धति मोडणाऱ्या कायद्यावर सही केली. हा कायदा कांहीं क्रांति करणारा नव्हे, असें त्यांनीं त्याच वेळीं सांगितलें. तें भाकीत साफ चुकलें. पुण्यामुंबईचे डॉक्टर व इंजिनियर त्या दारानें गेले; त्यांच्या मागून बहिणभाऊ, मग आईबाप गेले; १९८१ सालीं तेथील मराठी मंडळांचें बृहन्महाराष्ट्र मंडळ उभें राहिलें. सौदा नाहीं, दबाव नाहीं, झांकली मूठ नाहीं. केवळ एक अन्यायाची ओळ खोडली, आणि तिच्यापासून काय उगवलें पहा. जॉन्सन जेथें न्यायासाठीं न्याय करीत, तेथें ते किती मोठे होत, याचें हें उदाहरण आपल्या अंगणांतलें आहे.

त्यांच्या बाजूनें जें बोलतां येईल तें आम्ही विसरलों नाहीं. व्हिएतनामची गुंतवणूक त्यांनीं आरंभिली नव्हती. त्यांच्या आधींच्या तीन अध्यक्षांनीं ती वाढवीत आणली होती, आणि केनेडी गेले तेव्हां तेथें सोळा हजार अमेरिकन होते. सल्लागारही बहुतेक केनेडी यांचेच. चीन गमावल्याचा ठपका येऊन ट्रूमन यांची काय गति झाली, तें जॉन्सन यांनीं जवळून पाहिलें होतें. हें सारें खरें आहे. पण सर्वांत मोठी साक्ष म्हणून त्यांचे चाहते ज्या ध्वनिफिती पुढें करतात, त्यांचा आमच्या मनावर उलटा परिणाम होतो. त्या फिती आपल्या मृत्यूनंतर पन्नास वर्षें उघडूं नयेत अशी जॉन्सन यांची इच्छा होती. ग्रंथपालांनीं त्या १९९० नंतरच्या दशकांतच खुल्या करण्यास आरंभ केला. त्या ऐकून लोक म्हणूं लागले, बिचाऱ्याला किती शंका येत होत्या, किती यातना होत होत्या! आम्ही विचारतों : जो मनुष्य विजय होईल असें समजून सैन्य धाडतो, त्याची चूक बुद्धीची. जो शंका असतां धाडतो आणि शंका सांगत नाहीं, त्याच्या चुकीस काय नांव द्यावें? त्या सहा मुलांच्या बापाविषयीं त्यांना वाटलेली काळजी खोटी नव्हती. ती टेलिफोनवर बोलून दाखविली, आणि काँग्रेसपुढें दाखविली नाहीं. ते पायउतार झाले त्या वेळेपर्यंत अमेरिकेचे तीस हजारांहून अधिक सैनिक पडले होते. व्हिएतनामी माणसें त्याच्या कितीतरी पट.

म्हणून आम्ही त्यांस अकरावा क्रमांक देत नाहीं, आणि पहिला किंवा शेवटचाही देत नाहीं. मिसिसिपीची नोंदवही एका बाजूस उघडी ठेवतों, बुधवार ता. २८ जुलैचें टिपण दुसऱ्या बाजूस; आणि दोहोंमध्यें बेरजेची रेघ मारण्याचें नाकारतों.

इ. स. १९७२ च्या डिसेंबरांत ऑस्टिन येथें त्यांच्या नांवाच्या ग्रंथालयांत नागरी हक्कांवर परिषद भरली. त्या विषयाचे त्यांच्या दप्तरांतील कागद तेव्हां अभ्यासकांस खुले झाले. हृदयविकारानें ते खंगले होते. डॉक्टरांनीं मनाई केली असतांही बर्फानें निसरड्या झालेल्या रस्त्यानें ते आले. बोलतां बोलतां मध्येंच त्यांनीं एक गोळी तोंडांत टाकली व पुढें बोलत राहिले. आपण केलें तें पुरेसें नव्हतें, सत्ता हातीं असतां याहून अधिक करतां आलें नाहीं याची लाज वाटते, असें ते कृष्णवर्णीयांच्या हक्कांविषयीं बोलतांना म्हणाले. लोकांपुढें हें त्यांचें शेवटचें येणें ठरलें. ता. २२ जानेवारी १९७३ रोजीं ते आपल्या रँचवर मरण पावले. दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं निक्सन यांनीं व्हिएतनामचा तह ठरल्याची वार्ता राष्ट्रास सांगितली.